छोटीचं चौथं वर्ष

हे प्रकरण डिसेंबर २०२४ ते दिवाळी २०२५ या काळातलं. मुलगी मी शिकवते त्या कॉलेजातली, बी.एस्सी. तिसरं वर्ष, मेजर केमिस्ट्री. नाव लिहीत नाही. घरी तिला छोटी म्हणतात, आणि इंदूरच्या मराठी घरांत एक छोटी आणि एक पिंकी असायचीच, तेव्हा एवढ्यावरून कुणी तिला ओळखणार नाही. लिहिण्याची परवानगी घरच्यांनी एका अटीवर दिली: पगाराचा आकडा टाकायचा नाही. टाकलेला नाही.

आमच्याकडे करिअर मार्गदर्शन कक्ष आहे. म्हणजे माझ्या कपाटाशेजारची एक जादा खुर्ची. शेवटच्या वर्षाची मुलं त्या खुर्चीत फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन बसतात आणि "मॅडम, आगे क्या करें?" म्हणतात. त्यांतली बरीचशी तोवर उशीर करून बसलेली असतात. छोटी डिसेंबरात आली, म्हणजे त्यांच्या मानाने लवकर. आणि एकटी आली नाही, बाबांना घेऊन आली. खरं तर बाबाच तिला घेऊन आले होते.

प्रश्न काय होता

बाबा लोहामंडीत एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर हिशेब बघतात. अर्धी रजा टाकून आले होते, त्यामुळे बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, एकच विचारायचंय. हे चौथं वर्ष करायचं की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. घरात महिनाभर हेच चालू आहे."

मी छोटीकडे पाहिलं. ती रिएजंटच्या बाटल्यांची लेबलं वाचत होती.

मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण उच्च शिक्षणात २०२१-२२ पासून आलं. पहिलं वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट, दुसरं करून थांबलात तर डिप्लोमा, तिसऱ्याला डिग्री, चौथ्याला ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांचे १२० क्रेडिट, चार वर्षांचे १६०. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर आधीच्या तीन वर्षांत ७५ टक्के लागतात, आमच्या भाषेत साडेसात सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण. छोटीचा दोन वर्षांचा मिळून ७.८ होता. म्हणजे दार उघडं होतं. बंद असतं तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. कमी मार्कांच्या मुलांची घरं या बाबतीत शांत असतात.

तीन वर्षांनंतर एम.एस्सी. केलं तर ते दोन वर्षांचं. चौथं वर्ष करून एम.एस्सी. केलं तर नव्या आराखड्यात ते एक वर्षाचं. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नेट, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते आणि थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. कागदावर हे सगळं सरळ आहे. पण त्या डिसेंबरात आम्ही दोन-तीन विभागांत फोन करून विचारलं की एक वर्षाचं एम.एस्सी. केमिस्ट्री तुमच्याकडे सुरू होणार का, तेव्हा "अभी तय नहीं" यापलीकडे कुणी काही सांगेना. बाबांनी ही गोष्ट लगेच पकडली. "म्हणजे चौथं करायचं आणि पुढचं दार उघडेल का त्याची वाट बघायची."

या घरात वाट बघणे हा साधा शब्द नाही. तो का नाही, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं.

दादाची गोष्ट

छोटीचा दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. बी.कॉम. झाल्यावर त्याने भंवरकुआंला क्लास लावला. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: भंवरकुआं हा आमच्याकडचा स्पर्धा परीक्षांचा बाजार. चौकापासून खंडवा रोडपर्यंत क्लास, वाचनालयं, पोह्याच्या गाड्या, फोटोकॉपीची दुकानं आणि एका खोलीत तीन-तीन पलंग. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरातच, रेसिडेन्सी भागात, त्यामुळे सगळ्या माळवा-निमाडची पोरं इथे येतात. इथल्या मराठी घरांतली मुलं मात्र शक्यतो पुण्याचा रस्ता धरतात. दादा नाही गेला. बाबांना त्याचा अभिमान होता.

त्याने २०१९ ची राज्य सेवा परीक्षा दिली. जाहिरात नोव्हेंबर २०१९ ची, पूर्व परीक्षा जानेवारी २०२०. मग करोना, मग ओबीसींच्या २७ टक्के आरक्षणाचे खटले, मग नियमांवरून हायकोर्ट, पुन्हा निकाल, पुन्हा मुख्य परीक्षा. शेवटचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, तोही ८७ टक्के जागांचा. उरलेल्या १३ टक्के कोर्टाच्या निर्णयापर्यंत राखून ठेवलेल्या. एक परीक्षा, चार वर्षं. दादाने पूर्व काढली, मुख्य दिली. शेवटच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

नापास होण्याचं दुःख घरात पचतं. पास की नापास हेच चार वर्षं न कळणं पचत नाही. आई सांगत होती, पहिल्या वर्षी नातेवाईक विचारायचे, "निकाल कधी?" दुसऱ्या वर्षी विचारायचे, "अजून नाही?" तिसऱ्या वर्षी विचारणंच बंद केलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. दादाचं एक ठरता ठरता राहिलेलं लग्नही त्यातच गेलं. आता तो भंवरकुआंलाच एका क्लासमध्ये जनरल स्टडीज शिकवतो. चांगलं शिकवतो म्हणे. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या कार्यालयासमोर मुलं थंडीत धरणं देऊन बसली होती, तेव्हा तो रात्री त्यांना चहा द्यायला गेला होता. घरी सांगितलं नव्हतं. छोटीला माहीत होतं.

हे सगळं बाबांच्या "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा"च्या मागे होतं. चौथं वर्ष या शब्दांत त्यांना अभ्यासक्रम ऐकूच येत नव्हता. त्यांना आणखी एक न संपणारी गोष्ट ऐकू येत होती.

घरातले पक्ष

दुसरी भेट त्यांच्या घरी झाली, सुदामा नगरात, रविवारी सकाळी. मी सहसा विद्यार्थ्यांच्या घरी जात नाही. पण आजीने फोन करून बोलावलं, आणि आजीला नाही म्हणता येत नाही.

बाबांचं म्हणणं: तिसरं झालं की पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) लागावं. पेढीवरच्या एका ग्राहकाची ओळख होती.

आईचं म्हणणं: बी.एड. दोन वर्षं, मग शाळेत. "दुपारी घरी येते मुलगी."

पुण्याच्या काकांचं म्हणणं फोनच्या स्पीकरवरून आलं: पुण्याला पाठवा. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुण्याचे काका कधीच सांगत नाहीत.

दादाचं म्हणणं: जे करायचं ते कर, पण फॉर्मची तारीख आधी बघ.

एवढ्या जणांत हाच एक मुद्दा कामाचा होता, आणि त्यातच एक धक्का निघाला. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी लागणाऱ्या जॅम परीक्षेचे फॉर्म सप्टेंबरात निघतात आणि ऑक्टोबरात बंद होतात. डिसेंबर संपत आला होता. जॅम फेब्रुवारी २०२५ मध्ये होणार होती आणि छोटीने फॉर्म भरलेलाच नव्हता. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. सप्टेंबरात तिने साइट उघडली होती, फी पाहिली होती आणि बंद केली होती. "घरी आधी ठरू दे म्हटलं."

सिमरोलचं आयआयटी सुदामा नगरापासून तासाभराच्या आत आहे. त्याच्या परीक्षेचा फॉर्म घरातलं भांडण मिटायची वाट बघत राहून गेला. आम्ही शिक्षकही या बाबतीत काही धुतल्या तांदळाचे नाही. सप्टेंबरात वर्गात उभं राहून तारखा सांगणं माझं काम होतं. मी नोटीस बोर्डवर कागद लावला होता. नोटीस बोर्ड जिन्याखाली आहे.

आजी एवढा वेळ कोथिंबीर निवडत होती. मध्येच म्हणाली, "अगं, तीन नि दोन पाच. चार नि एक पाच. मग भांडून काय राहिलात?"

कागदावरचे रकाने

आजीचं गणित बरोबर होतं आणि त्यात एक गोष्ट राहिली होती. तीच मी तिथे रद्दीच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडली. प्रत्येक पर्यायापुढे चार रकाने. हे संपणार कधी, महिना आणि साल. ती तारीख कोण ठरवणार, आपण की दुसरं कुणी. मध्येच सोडलं तर हातात काय राहील. आणि दर महिन्याला घरातून किती जाईल किंवा घरात किती येईल.

चौथं वर्ष: उन्हाळा २०२६. तारीख कॉलेज-विद्यापीठ ठरवणार, फार तर दोन-तीन महिने पुढे-मागे. मध्येच सोडलं तर तीन वर्षांची डिग्री आहेच. खर्च थोडा.

दोन वर्षांचं एम.एस्सी.: उन्हाळा २०२७. एका वर्षानंतर सोडलं तर नव्या आराखड्यात पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो, म्हणजे हात अगदीच रिकामे नाहीत.

चौथं आणि मग एक वर्षाचं एम.एस्सी.: हेही उन्हाळा २०२७. फक्त दुसरा टप्पा अजून कुणाकडे सुरू नाही. तारखेपुढे प्रश्नचिन्ह.

बी.एड.: २०२७. पण बी.एड.नंतर सरकारी शिक्षक व्हायचं तर पात्रता परीक्षा, मग भरती निघायची वाट. आईने स्वतःच त्या ओळीपुढे "दुसरं कुणी" असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बी.एड.चा विषय त्या दिवसापासून निघाला नाही.

पीथमपूर: जून २०२५ पासून. शेवटची तारीख नाही. बाबांना हा रकाना रिकामा बघून बरं वाटलं. मला नाही वाटलं, आणि मी तसं सांगितलं. नोकरीला शेवटची तारीख नसते हे तिचं सुख, पण बी.एस्सी.वर क्यूसी लॅबमध्ये शिरलेल्या मुली बऱ्याचदा वेट केमिस्ट्रीच्या, म्हणजे हाताने करायच्या चाचण्यांच्या, टेबलावरच राहतात. मशीनवर, एचपीएलसीवर बसायला एम.एस्सी.वाल्यांना लवकर मिळतं. माझ्या आधीच्या तुकड्यांतल्या पाच-सहा जणी तिथे आहेत, त्यांच्याकडून हे ऐकलेलं.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "दादाच्या वेळी हा दुसरा रकाना कुणी काढला नाही." दादा स्वयंपाकघरात होता. तिथून काही उत्तर आलं नाही.

एवढं होऊनही प्रश्न सुटला नव्हता. पाच माणसं बोलली होती आणि छोटी एक वाक्य बोलली होती, तेही फॉर्मबद्दल.

वही

जानेवारीत मी तिला तिच्या तीन वर्षांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन बोलावलं. पुढे काय करायचं हे तिला सांगता येत नव्हतं, तर मागे काय केलं ते तरी बघू, एवढाच हेतू. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा की तीन वर्षांत काय शिकलात. ती विषयांची नावं सांगतात. छोटीनेही सांगितली: मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी, आधार पाठ्यक्रमात भाषा, पर्यावरण, योग, आणि व्होकेशनलला जैविक खेती. जैविक खेती का? "सगळ्यांनी घेतली म्हणून." सुदामा नगरच्या गच्चीवर तिने एका कुंडीत गांडूळखत केलं होतं, आईने ती कुंडी हलवायला लावली, आणि खेती तिथेच संपली.

मग तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टची वही निघाली. विषय साधा: कॉलनीतल्या पाण्याचा कठीणपणा. दर वर्षी कुणीतरी करतंच. इंदूरला पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून आणलेलं, आणि ते बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. आमच्याकडे "पाणी आलं नाही" म्हणत नाहीत, "आज नर्मदा आली नाही" म्हणतात. बाकीच्या दिवसांसाठी बोरिंग. बारा घरांतून नमुने आणायचे, ५० मिली घ्यायचं, बफर घालून पीएच १० करायचा, चिमूटभर एरियोक्रोम ब्लॅक टी टाकायचं, पाणी दारूसारखं लालजांभळं होतं, आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणांच्या काचनळीतून, ईडीटीएचं द्रावण सोडत राहायचं तो रंग निळा होईपर्यंत. यालाच टायट्रेशन म्हणतात. किती मिली लागलं ते गुणिले २०, की कठीणपणा लिटरमागे किती मिलिग्रॅम ते निघालं. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. तीन वाचनं जुळली की सरासरी काढायची आणि सही घ्यायची. मुलं तिसरं वाचन बहुतेक वेळा बघून लिहितात, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

छोटीच्या वहीत नर्मदेच्या घरांची वाचनं नऊ मिलीच्या आसपास होती, बोरिंगची तिसाच्या आसपास. सातव्या घरापाशी पानाचा रंगच बदलला होता. फॉर्मवर घरमालकाने "बोरिंग" लिहिलेलं. वाचन १९.२. ते पेनाने खोडलं नव्हतं. शेजारी समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं: "हे पुन्हा बघ." बाकी वही हिंदी-इंग्रजीत, समास मराठीत. खाली दुसऱ्या दिवशीच्या नमुन्याचं वाचन, २९.६. समासात: "ब्युरेट धुतली होती का? हो." त्याखाली तिसऱ्या फेरीचं, ११.४. समासात नुसतं: "!!"

प्रोजेक्टला एका घराचा एकच नमुना पुरत होता. ती त्या घरी सहा वेळा गेली होती. सहावी नोंद अशी: "टाकी एकच. नर्मदा आली की तीच टाकी भरतात, नाही आली की बोरिंग सोडतात. काकूंना वाटतं पाणी बोरिंगचं." आणि पुढच्या पानावर हाताने काढलेला आलेख, खाली तारखा, वर मिली, आणि ज्या दिवशी नर्मदा आली त्या तारखांवर छोटी निळी टिकली. रेघ टिकलीपाशी खाली उतरत होती आणि पुढच्या नर्मदेपर्यंत चढत होती.

या वहीवर माझी सही होती. १० पैकी ८ असे गुण होते. ही पानं मी वाचली नव्हती.

"हे रिपोर्टमध्ये का नाही?" मी विचारलं.

"मॅडम, फॉरमॅटमध्ये त्याला जागा नव्हती. मग सातवं घर काढून टाकलं आणि तेरावं घेतलं."

"घरी सांगितलंस?"

"दादाला. तो म्हणाला, तुला परीक्षेपेक्षा प्रश्न आवडतात, तुझं कठीण आहे."

माझा स्वार्थ

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. वही मिटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला चौथ्या वर्षाला माझ्याकडेच ठेवायचं. संशोधनासह ऑनर्स विभागात टिकवायचं तर दोन-चार विद्यार्थी लागतात. सात पूर्णांक आठवाली, सहा वेळा एकाच घरी पाणी आणायला जाणारी मुलगी मला कुठे मिळणार? मी त्याच दमात तिला चौथ्या वर्षाचे फायदे सांगायला लागले. पाचेक मिनिटं बोलले असेन.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, चौथ्या वर्षाला कोणती मशीन मिळतील?"

आमच्याकडे एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे आणि एक पीएच मीटर, त्याचा इलेक्ट्रोड बदलायचा आहे. मी तसं सांगितलं. त्यानंतर मी तिला चौथ्या वर्षाबद्दल काही म्हणाले नाही. आजही मला वाटतं की मार्गदर्शक म्हणून मी बरी निघाले असते आणि तिचं ते वर्ष वाया गेलं नसतं. पण सल्ला देणाऱ्याच्या पोटात काय आहे हे सल्ला घेणाऱ्याला ठाऊक असावं, म्हणून पुढच्या वेळी बाबा आले तेव्हा त्यांनाही हे सांगितलं. ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

मार्च ते जुलै

जानेवारीत सीयूईटी-पीजीचा फॉर्म भरला. आमच्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरातल्या विभागांत एम.एस्सी.ला त्याच परीक्षेतून जावं लागतं. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. परीक्षा आली रंगपंचमीच्या मागेपुढे, वार्षिक परीक्षेच्या तयारीत. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, छोटीने त्या वर्षी फोनवर पाहिली.

गुण बरे पडले, चांगले नाही. त्याचं कारण तिनेच शोधलं, वहीतल्यासारखंच: चुकलेले प्रश्न बहुतेक फिजिकल केमिस्ट्रीचे, आणि तिथे तिने अंदाजाने उत्तरं दिली होती. प्रत्येक अंदाजाने सरासरी किती गुण नेले याचा तक्ताही केला होता. केमिस्ट्रीच्या यादीत नाव प्रतीक्षेत लागलं.

प्रतीक्षा यादी हा शब्द मी बाबांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

त्याच आठवड्यात पीथमपूरचा इंटरव्ह्यू झाला. ट्रेनी, क्यूसी. इंटरव्ह्यूत तिला विचारलं, दोन वाचनं जुळली नाहीत तर काय करशील? तिने सातव्या घराची गोष्ट सांगितली. समोरच्या माणसाने पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत, कधीपासून येणार ते विचारलं.

जुलैच्या सुरुवातीला घरी पुन्हा बैठक झाली. मी नव्हते, हे मला आईकडून कळलं. बाबांना वाटलं होतं की आता मिटलं. छोटीने तो जुना रद्दीचा कागद काढला, पीथमपूरच्या ओळीतला पहिला रकाना, जो रिकामा होता, त्यात लिहिलं: ३१ मे २०२६. आणि दुसऱ्या रकान्यात, तारीख कोण ठरवणार, तिथे लिहिलं: मी.

बाबा म्हणाले, "नोकरी लागायच्या आधी सोडायची तारीख?"

ती म्हणाली, "बाबा, एवढं वर्ष मी कमावते. जॅमचा फॉर्म सप्टेंबरात भरते, सीयूईटीचा निघेल तेव्हा भरते. कुठेच नाही झालं तर ही तारीख खोडून तुमच्यासमोर दुसरी लिहीन. पण रकाना रिकामा नको."

आजीने विचारलं, "मग तीन नि किती?"

"तीन, एक, दोन. सहा."

"एक वाढलं की गं." आजी म्हणाली, आणि मग कुणीच काही बोललं नाही, असं आई सांगत होती. वाढलेलं वर्ष सगळ्यांना दिसत होतं. पण दादाच्या वर्षांसारखं ते कुणाच्या टेबलावर पडून नव्हतं.

प्रतीक्षा यादी पुढे सरकली की नाही, हे तिने पाहिलंच नाही. हे मला पटलं नाही. रोज सकाळी एक मिनिट लागलं असतं. तसं मी बोललेही. "मॅडम, मग मी रोज सकाळी दादासारखी झाले असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी माझं मत तेच आहे.

दिवाळी

सकाळी फूटी कोठीच्या चौकातून कंपनीची बस मिळते. छोटी जनरल शिफ्टला आहे. जॅम २०२६ चा फॉर्म तिने या वेळी मुदतीच्या पुष्कळ आधी भरला. पावती मला व्हॉट्सअॅपवर आली, खाली एकही शब्द नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. चकल्या तिने केलेल्या नव्हत्या, तसं लगेच सांगून टाकलं. लॅबबद्दल विचारलं तर म्हणाली, काम कळतं, माणसं बरी आहेत, सेफ्टी शूज चावतात. मग थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, तिथे टायट्रेशन मशीन करतं. ऑटोटायट्रेटर. मी नमुना ठेवते, बटण दाबते, तो स्वतःच सोडतो आणि स्वतःच थांबतो. मला रंग दिसतच नाही. स्क्रीनवर एक रेघ येते, सपाट असते, मग एकदम चढते, आणि तो म्हणतो झालं. कुठे थांबायचं ते त्याला कसं कळतं?"

"विचारलंस कुणाला?"

"सीनियर म्हणाले, मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअलमध्ये बटणं कशी दाबायची ते आहे."

मी कपाटातून जुनं पुस्तक काढलं, इलेक्ट्रोड पोटेन्शियलचं प्रकरण उघडलं. फिजिकल केमिस्ट्री, तेच जिथे तिचे गुण गेले होते. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि विचारलं, "यात लिहिलं तर चालेल?"

चहा निवून गेला. पाऊण तासाने तिच्या बाबांचा फोन आला, मुलगी निघाली का म्हणून. मी म्हटलं, अजून नाही, समासापर्यंत आली आहे.